कॉफीचा कप आणि मोंढ्याचा काटा

छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉटमध्ये, लातूरच्या ट्यूशन एरियात गेल्या काही वर्षांत कॅफे उगवले. त्यांच्या भिंतींवर आणि कॉफीच्या पुड्यांवर एक ठरावीक फोटो असतो: लालचुटूक फळांनी भरलेली टोपली आणि हसरा शेतकरी. खाली 'शाश्वत कॉफी', 'शेतकऱ्याला न्याय्य मोबदला' असं काहीबाही. या फोटोवरून आपल्याकडे जो वाद चालतो, तो ऐकून कंटाळा येतो. एका बाजूला तरुण मंडळी. पन्नास रुपये जास्त मोजा, शाश्वत कॉफी प्या, शेतकरी जगवा. दुसऱ्या बाजूला त्यांचेच काका-मामा. अडीचशेची कॉफी पिणाऱ्यांनी शेतकऱ्याचं नाव घेऊ नये, भाव काय तो बाजार ठरवील. आणि मध्येच औशाचा किंवा मानवतचा एखादा गडी विचारतो, आमच्या सोयाबीनचं बोला, कॉफीशी आमचा काय संबंध? तिघांत प्रश्न म्हणावा असा हा एकच. पण त्याचं उत्तर 'काही नाही' असं धरून तोही उठून जातो.

संबंध आहे. शेतमालाला भाव कसा द्यावा याचे जवळजवळ सगळे प्रयोग जगाने कॉफीवर करून पाहिले आहेत. सरकारी मक्तेदारी झाली, देशादेशांतला कोटा झाला, मोकळा बाजार झाला, आणि आता ग्राहकाच्या चांगुलपणावर चालणारी प्रमाणपत्रं आहेत. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनच्या कट्ट्यावर बसून आपण जे भांडतो, त्याचा निकाल बराचसा या पिकाच्या इतिहासात लिहिलेला आहे. तो वाचून मी एका मतावर आलो आहे. शेतकऱ्याचं उत्पन्न गिऱ्हाइकाच्या दयाबुद्धीवर उभं राहत नाही. त्याला बांधलेला नियम लागतो, आणि नियम मोडणाऱ्याला दंड लागतो. तसा नियम नसताना शेतकऱ्याने झाडं राखावीत, पाणी जपावं, माती सुधारावी असं सांगणं म्हणजे त्याला वेठीला धरणं. काम करून घ्यायचं, मजुरी मात्र शाबासकीत द्यायची.

आधी कपाचा हिशेब करू, कारण या वादात आकडे फार सैल फेकले जातात. एक किलो कच्ची कॉफी भाजली की वजन साधारण सोळा-सतरा टक्के घटतं. उरलेल्या आठशे-साडेआठशे ग्रॅममध्ये, कपाला अठरा ग्रॅम धरले, तर पंचेचाळीसच्या आसपास कप होतात. कच्ची कॉफी साडेचारशे रुपये किलोने गेली असं मानलं तरी कपामागे शेतकऱ्याचे दहा रुपये. कप अडीचशेचा. म्हणजे उरलेले दोनशे चाळीस कॅफेवाल्याने लाटले का? तसं म्हणणं सोपं आहे आणि चूकही. जागेचं भाडं, दूध, वीज, पोरांचे पगार, मशीनचे हप्ते, कर, शिवाय रिकाम्या टेबलांचे तास, यातच बहुतेक पैसा जातो. कॅफेवाला लुटारू नाही. पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. शेतकऱ्याला दुप्पट भाव दिला तर कप अडीचशेचा दोनशे साठ होईल. पिणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. मग जो खर्च कुणाला जाणवतसुद्धा नाही, तो इतक्या वर्षांत कॉफीच्या झाडापर्यंत का पोहोचला नाही? गिऱ्हाइकाचं मन मोठं नाही म्हणून? अडचण मनाची असती तर पोस्टर लावून भागलं असतं. कपात वाढलेले दहा रुपये मुळापर्यंत नेणारी वाटच नाही. वाटेतला प्रत्येक जण ते आपल्याकडे अडवू शकतो आणि अडवतो.

अशी वाट एकदा होती. १९६२ साली कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय कॉफी करार केला. कुणी किती माल बाहेर काढायचा याचे कोटे ठरले आणि पिणाऱ्या देशांनीही त्याच चौकटीत खरेदी करायची असं कबूल केलं. अमेरिकेने सही केली ती शेतकऱ्याच्या कळवळ्याने केली नव्हती. क्युबात क्रांती होऊन गेली होती. कॉफीचे भाव पडले तर लॅटिन अमेरिकेतला शेतकरी लाल झेंड्याखाली जाईल ही धास्ती होती. मला हे महत्त्वाचं वाटतं. भाव मिळाला तो राजकीय भीतीतून मिळाला, कुणाच्या सौजन्यातून नाही. करार काही वर्षं थंडही पडला होता, पण १९८०च्या दशकात पौंडाला १.२० ते १.४० डॉलर हा पट्टा बऱ्यापैकी सांभाळला गेला. जुलै १९८९ मध्ये कोट्यांची व्यवस्था कोसळली. चारच वर्षांत भाव जवळपास निम्म्याखाली आला, आणि २००१-०२ साली तर पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेला. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचे तेव्हाचे कार्यकारी संचालक नेस्टर ओसोरियो यांनी मांडलेला हिशेब बोलका आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जगातला किरकोळ कॉफीचा धंदा तीस अब्ज डॉलरच्या घरात होता आणि त्यातले दहा-बारा अब्ज पिकवणाऱ्या देशांकडे जात. दशकभराने धंदा सत्तर अब्जांच्या वर गेला, आणि पिकवणाऱ्यांकडे साडेपाच अब्ज. धंदा दुपटीहून मोठा झाला, पिकवणाऱ्यांची मिळकत मात्र निम्म्यावर आली. लोकांनी कॉफी प्यायचं कमी केलं म्हणून हे घडलं नाही, उलट प्यायली जास्त.

आणि गंमत अशी की न्याय्य व्यापाराचं, म्हणजे 'फेअर ट्रेड'चं, पहिलं कॉफी-लेबल नेदरलँड्समध्ये निघालं ते १९८८ साली, कोटे कोसळण्याच्या आदल्याच वर्षी. देशांनी मिळून जे सांभाळलं होतं ते सुटलं, आणि त्याच सुमारास ते ओझं दुकानात पुडा उचलणाऱ्या एकट्या माणसाच्या सद्सद्विवेकावर ठेवलं गेलं. हा योगायोग असेल. पण तेव्हापासूनची सगळी चर्चा त्याच जागी अडकून पडली आहे.

आता काका-मामांचा मुद्दा. तो हलका नाही. कोटे, मक्तेदारी, सरकारी खरेदी यांचा अनुभव काय होता? कॉफी करारात छोट्या आणि नव्या देशांना वाढायला जागा नव्हती, आणि कराराबाहेरच्या देशांना तोच माल स्वस्तात विकला जाई. आपल्याकडे १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्ड सगळी कॉफी एका 'पूल'मध्ये, म्हणजे सामायिक साठ्यात, गोळा करी. मळेवाल्याने माल द्यायचा आणि हप्त्याहप्त्याने पैसे यायची वाट बघायची. कोडगू-चिकमगळूरच्या शेतकऱ्यांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्याने ती व्यवस्था मोडली. आपल्याला हे सांगायला कर्नाटकात जायची गरज नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघालाच द्यायचा, बाहेर विकला तर गुन्हा. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीत मारामारी, पैसे हप्त्यांनी, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री सीमेपलीकडे जाणारा कापूस. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने सरकार शेतकऱ्याला मदत करत नाही, लुटतं, अशी मांडणी केली, तिच्यामागे हा अनुभव होता. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी त्यांच्यामागे गेला तो उगीच गेला नाही.

हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतो. मक्तेदारी गेली, तिच्या जागी जे आलं ते मोकळं होतं का? १९९४ साली ब्राझीलमध्ये हिमकडाका पडला, भाव उसळले, आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या भारतीय मळेवाल्याला वाटलं, हेच तर हवं होतं. काही वर्षांत व्हिएतनामचा माल बाजारात ओतला गेला, भाव झोपले, आणि वायनाडमध्ये कॉफी-मिरीच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची लाट आली. मराठवाड्याला या वाक्याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही. जुन्या व्यवस्थेचा दोष असा की शेतकऱ्याला तेजीचा फायदा घेऊ देत नसे. नव्या व्यवस्थेत तेजी दुसऱ्याची आणि मंदी त्याची, असा न्याय लागला. सडलेली खरेदी दुरुस्त करण्याऐवजी आपण ती मोडीत काढली, आणि ज्या कामासाठी ती उभी केली होती ते काम कोण करणार याची जबाबदारी कुणावरच टाकली नाही.

'बाजार ठरवील' म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. भाव चढतो तेव्हा बाजाराला ठरवू देतात का? ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, कारण कोंबडीखाद्य महागलं होतं. नवा माल येईस्तोवर भाव निम्म्यावर आला होता. एप्रिल २०२२ मध्ये कापूस चढला, आयातशुल्क माफ. ऑगस्ट २०२५ मध्ये, पेरा उभा असताना, अकरा टक्के शुल्क पुन्हा माफ, आणि पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवलेलं. आणि हे आपल्याच सरकारचं वैशिष्ट्य आहे असं समजू नका. २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं. दुकानात कॉफी महागली, लोक कुरकुरले, आणि नोव्हेंबरात कॉफी त्यातून वगळली गेली. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोकळ्या बाजाराचं सरकारसुद्धा कपाचा भाव वाढला की चार महिन्यांत धावून येतं. कॉफीचा भाव पन्नास सेंटखाली पडला होता तेव्हा कोण धावलं होतं? बाजाराचं तत्त्वज्ञान फक्त उतरणीवर आठवत असेल तर ते तत्त्वज्ञान कसलं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे २०२५चे चढे भाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, महागाई न धरता तोवरचा उच्चांक. मळेवाले सुखात आहेत, मग ही रड कशाला? चढते भाव खरे आहेत, आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्याच्या हातात त्यामुळे पैसा आला हेही खरं. पण हा भाव आला कुठून? ब्राझीलमधल्या दुष्काळातून, व्हिएतनाममधल्या कोरड्या हंगामातून. दुसऱ्याच्या शेतात आग लागली म्हणून आपल्या कडब्याला भाव आला, याला उत्पन्नाची हमी म्हणायचं का? १८६१ नंतर अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याने कर्ज काढून रान वाढवलं, सावकाराने हात सैल सोडला. १८६५ला यादवी संपली, भाव कोसळले, कर्ज तसंच राहिलं. मे १८७५ मध्ये भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि दंगे नगर-पुण्याच्या गावांत पसरले. त्या दंग्यांची मुळं दहा वर्षांपूर्वीच्या तेजीत होती. म्हणून भाव चढे असताना जो 'आता प्रश्न मिटला' म्हणतो, त्याच्यापासून मी जरा लांबच बसतो.

प्रमाणपत्रांकडे येऊ. तरुण मंडळींची बाजू इथे सगळ्यात बळकट आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. न्याय्य व्यापाराच्या व्यवस्थेत धुतलेल्या अरेबिकाला किमान भाव ठरलेला असतो. २०११ पासून तो पौंडाला १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ मध्ये १.८० केला. वर वीस सेंट सहकारी संस्थेला, गावाच्या कामासाठी. बाजार एक डॉलरवर असताना १.४० मिळणं ही ज्याला मिळालं त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी कॉफीचं नाव केलं, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळवलं. संघटना, हिशेब, दर्जा या गोष्टी या वाटेने आल्या. हे कुणी नाकारू नये.

मात्र त्या आकड्यांकडेच पुन्हा बघा. १.४० हा किमान भाव बारा वर्षं हलला नाही. त्या बारा वर्षांत खत, मजुरी, डिझेल थांबलं होतं का? आणि १.२० ते १.४० हा तर १९८०च्या दशकातला पट्टा! म्हणजे तेव्हा जो भाव जगाच्या बाजारात सर्वसाधारण होता, तोच पुढे थोड्यांना 'न्याय्य' म्हणून मिळू लागला, आणि तोही महागाईने पोखरलेला. दुसरं असं, की प्रमाणित कॉफी जितकी पिकते तितकी प्रमाणित म्हणून विकली जात नाही. नियम सगळ्या रानाला पाळायचे, तपासणीचा खर्च सगळ्या मालावर, आणि जास्तीचा भाव विकल्या गेलेल्या काही पोत्यांनाच. उरलेला माल साध्या भावाने, साध्या रांगेत. आपल्याकडे कापसात हेच सुरू झालं आहे. कमी औषध मारा, वही ठेवा, फेरोमोन सापळे लावा, पऱ्हाटी जाळू नका. सूचना सगळ्या चांगल्या. मानवत-सेलूच्या जिनिंगवर गेलं की चांगुलपणाचा वेगळा काटा नसतो. एकाच ढिगात सगळा कापूस पडतो, आणि वहीतल्या नोंदींचं मोल गाठीबरोबर पुढे जाऊन कुठल्यातरी ब्रँडच्या अहवालात उमटतं.

युरोपने २०२३ मध्ये कायदाच केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या रानातली कॉफी नको, आणि प्रत्येक तुकड्याचे अक्षांश-रेखांश द्या. अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे गेली, ती वेगळी गोष्ट. हेतूवर माझा आक्षेप नाही; उलट एवढ्यासाठी तो मला लेबलांपेक्षा बरा वाटतो, की तो कायदा आहे, म्हणजे सगळ्यांना सारखा लागू आहे. पण कागदावर जबाबदारी आयातदाराची असली तरी रान मोजण्याचं, पुरावा देण्याचं काम येतं शेतकऱ्यावर, आणि त्याबद्दल भावात एक पैसा वाढवायचं बंधन खरेदीदारावर नाही. भारतातली बहुतेक कॉफी झाडांच्या सावलीत वाढते, पश्चिम घाटात. कावेरी कोडगूत उगम पावते, त्याच डोंगरावरच्या मळ्यांतून पाणी मुरत खाली येतं. ही सावली फुकट नाही. दाट सावलीत उत्पादन कमी येतं. म्हणून शेतकरी रानटी झाडं काढून सिल्व्हर ओक लावतो, ज्यावर मिरीही चढते आणि अडीनडीला जे लाकूड म्हणून विकताही येतं. कॉफीचा भाव पडला की कुऱ्हाड निघते ती हौसेने नव्हे. ज्या माणसाला पुढच्या मार्चपर्यंत हप्ता भरायचा आहे, त्याच्या दृष्टीने उभं झाड म्हणजे बँकेतली शिल्लक असते. जंगल वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे कॉफीला स्थिर भाव, आणि नेमका तोच कुणी लिहून देत नाही.

हे वाचून आपल्याकडचा एखादा पाणीतज्ज्ञ म्हणेल, ठीक, पण हमीच्या भावाने काय होतं ते आम्ही मराठवाड्यात बघितलं आहे. माझ्या मतावरचा हा सगळ्यात जड आक्षेप आहे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात ऊस होता. दुष्काळी रानात ऊस का? कारण भावाची कायदेशीर हमी असलेलं ते एकच पीक. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, केंद्र ठरवतं, चौदा दिवसांत पैसे द्यायचे असं उसाच्या नियंत्रण आदेशात आहे, आणि माल न्यायला कारखान्याची गाडी बांधावर येते. पैसे थकतात, काटा मारला जातो, सगळं होतं, तरी हमी आहे. म्हणजे हमी दिली आणि पाणी संपलं. मग तीच हमी सगळ्या पिकांना मागताय?

होय, आणि याच उदाहरणावरून मागतो आहे. ऊस दाखवतो की शेतकरी नियमाला किती अचूक प्रतिसाद देतो. परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं, सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्या, रुंद वरंबा-सरीवर पेरा, पाणी मुरवा. शेतकऱ्याला ते कळत नाही असं नाही. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि मोंढ्यात बराच माल चार-सव्वाचार हजारांच्या घरात गेला. खरेदी केंद्रावर न्यावा तर बारा टक्क्यांच्या वर ओलावा म्हणून परत. पुढे मर्यादा पंधरा केली, तोवर गरजवंताने विकून टाकला होता. मग बारदाना संपला म्हणून खरेदी बंद. सोयाबीनचा हमीभाव जाहीर होतो, उसाचा द्यावा लागतो. या एका फरकाने मराठवाड्याचं पाणी कुठे गेलं ते ठरवलं, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या लोभावर लेख लिहीत आहोत. उसाची हमी काढून घेऊन तो तूर पेरेल, या भ्रमात राहू नये. तुरीला, ज्वारीला, करडईला उसाइतका पक्का करार द्या, उसाला पाण्याची खरी किंमत लावा, आणि मग बघा कोण काय पेरतं. पोकरासारख्या सरकारी हवामान-शेती प्रकल्पातून ठिबकला, शेततळ्याला अनुदान आलं, ते चांगलंच झालं. त्या तळ्यावर पिकलेल्या मालाचा भाव कोण बांधून देणार, हे त्या फायलीत नाही.

जास्त पिकेल आणि भाव पडतील, ही भीतीही खोटी नाही. १९३०च्या दशकात ब्राझीलने भाव सावरायला कोट्यवधी पोती कॉफी जाळली, आगगाडीच्या इंजिनात कोळशाऐवजी घातली. किमान भाव आंधळेपणाने दिला तर तेच होईल. म्हणून भावाला अट हवी: इतक्या सावलीला, इतक्या आंतरपिकाला, इतक्या कमी पाण्याला इतका भाव. पर्यावरणाची अट आणि पैशाची हमी एकाच कागदावर, एकाच सहीखाली. आज अट युरोपच्या किंवा ब्रँडच्या कागदावर असते आणि पैसा नशिबावर.

पण पैसा आणायचा कुठून, आणि गिऱ्हाइकाला जबरदस्तीने कसं द्यायला लावणार? महाराष्ट्राने हे एकदा केलं आहे, आणि आपल्याला त्याची आठवणही नाही. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर आली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली होती. तिला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला: शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचा, आणि तितकीच भर सरकारने घालायची. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. आजही पगारपत्रकावर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. खोटे मस्टर निघाले, खडी फोडण्याची कामं झाली, निधी पडूनही राहिला; सगळी टीका रास्त. पण कल्पना करा, सरकारने तेव्हा पगारदारांना सांगितलं असतं, 'दुष्काळग्रस्तांसाठी ज्याला वाटेल त्याने महागडा चहा प्यावा.' त्या चहावर किती लोक जगले असते? मुंबईच्या कारकुनाचा कळवळा मोजत न बसता त्याच्या पगारातून पैसे कापले, म्हणून बीड-उस्मानाबादची माणसं कामावर उभी राहिली. कॅफेतल्या पोराला मी हेच सांगेन. तुझी इच्छा चांगली आहे. ती दर कपाला वेगळी मागायला लागू नये अशी सोय मागायला शीक. कॉफीवर भाजणाराच्या आणि निर्यातदाराच्या पातळीवर ठरलेला हिस्सा, भाव पडला की त्यातून शेतकऱ्याला भरपाई, हे अशक्य नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टेलेक्सच्या जमान्यात देशादेशांत कोटे सांभाळले गेले.

या सगळ्या मांडणीत एक भोक आहे आणि ते बुजवायला माझ्याकडे तयार मसाला नाही. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणजे मजुराला मिळालाच असं होत नाही. कॉफीच्या मळ्यांत फळं वेचायला आता आसाम-झारखंडकडून माणसं येतात. भिंतीवरच्या फोटोतली टोपली बहुधा त्यांच्याच पाठीवरची असते, आणि छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांसाठी केलेल्या किमान भावाच्या नियमात त्यांचा रोज बसत नाही. आपला ऊस बघा. एफआरपी कायद्यात आहे, पण ऊस तोडणाऱ्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, दर कायद्यात नाही. तो दर काही वर्षांनी संप, बैठका आणि लवादातून ठरतो. उचल मुकादम देतो, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती बसली, अहवाल आला, आणि कोयते त्याच दिवाळीनंतर पुन्हा कारखान्यांकडे गेले. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातूनच कापला जातो, त्यामुळे कोयत्याचा दर वाढला की शेतकरी ओरडतो, आणि त्याचं ओरडणंही खरं असतं. म्हणून सावलीच्या, आंतरपिकाच्या, पाण्याच्या अटीबरोबर त्याच कागदावर मजुरीचा आकडाही लिहावा लागेल, आणि तो शेतकऱ्याच्या हिश्शातून न कापता कपातल्या वरच्या दोनशे चाळीस रुपयांतून काढावा लागेल. तिथे शेतकरी संघटना आणि मजूर संघटना एका बाजूला बसतील की समोरासमोर, हे मला अजून दिसत नाही. येत्या हंगामाच्या दरबैठकीत दोघांनी एकदा तरी कारखान्याच्या ताळेबंदाची प्रत मागून ती एकत्र बसून वाचावी, इतकं सुचवता येतं.